सोलापूर फिरताना एकच लेन्स न्यायची आणि फोटो कृष्णधवल करायचे, तर कोणती घ्यावी?

कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान) असेल तर ३५ एमएम प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. १.५ पटीच्या हिशेबाने ती फुल-फ्रेमवरच्या ५२ एमएमसारखी दिसते, आणि एफ/१.८ (भरपूर प्रकाश आत घेणारी) असेल तर सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात दिवेलागणीलाही हातात धरून फोटो निघतो. भुईकोट किल्ला चौकटीत मावणार नाही. मावावा असा हट्टही नको, एक बुरूज आणि त्याची तिरपी सावली पुरे.

मी कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवतो, पण फाइल रॉच, म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती राखणारी कच्ची फाइल. पडद्यावर कृष्णधवल दिसतं, आत रंग शाबूत राहतात. खरं काम पुढे एडिटिंगमध्ये त्या रंगांवरच होतं: निळा स्लायडर खाली नेला की मंदिराच्या तळ्यावरचं आकाश गडद होतं (फार ओढलात तर दाणे उठतात), नारिंगी वर नेला की चेहरे उजळतात. सोलापुरी चादरीत लाल-हिरवा शेजारी असतील, तर नुसतं सॅच्युरेशन शून्य केल्यावर दोन्ही एकाच राखाडीत विरघळू शकतात आणि नक्षीच जाते. लाल उजळ, हिरवा गडद करून पाहा, वीण पुन्हा उमटते.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत जाणार असाल तर भाविकांच्या पांढऱ्या बाराबंदीसाठी (बंदांचा अंगरखा) एक्स्पोजर जरा कमी ठेवा. एकदा जळालेला पांढरा रॉमधूनही परत येत नाही.