इन्स्पेक्टर मागच्या सीटवर बसणार असेल तर

अरे, तुझ्या फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या (विमान चालवायला शिकवणाऱ्याच्या) परीक्षेला एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा, इन्स्पेक्टर येणार म्हणून झोप उडवून घेऊ नकोस. तो बहुतेक वेळा तुझी नाही, तुझ्या परीक्षकाची परीक्षा घ्यायला येतो. परीक्षक मात्र त्या दिवशी एकही पायरी गाळणार नाही, एवढं गृहीत धर.

पहिलं काम वजनाचं. सेस्ना १७२ मध्ये तिसरा माणूस मागे बसला की सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) मागे सरकतो आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) हाताला हलका लागतो. माझ्या वेळी मी दोघांचाच हिशेब करून गेलो होतो. पार्किंगमध्ये उभ्यानं पुन्हा आकडेमोड केली, पेन्सिलीला घाम फुटला. तू इन्स्पेक्टरचं वजन आधीच विचार, इंधन कमी भरावं लागलं तर भर. आदल्या दिवशी मागे कुणाला तरी बसवून दोनचार स्टॉल (पंखांची उचल तुटते ती स्थिती) उजव्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या, सीटवरून करून बघ.

विमानाच्या लॉगबुकांना रंगीत चिठ्ठ्या लाव: वार्षिक तपासणी, १०० तासांची तपासणी, ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राची) दर २४ महिन्यांची तपासणी, ईएलटी (अपघातात संकेत पाठवणारं यंत्र). तुझ्या लॉगबुकात स्पिनच्या (गिरक्या घेत खाली येण्याच्या) प्रशिक्षणाची एंडॉर्समेंट, म्हणजे शिक्षकाची नोंद, सहीसकट आहे ना, ते आजच बघ.

एट्स ऑन पायलॉन्स (जमिनीवरच्या दोन खुणांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत उडणं) किती उंचीवर करायचं त्याचं सूत्र, ग्राउंडस्पीडचा (जमिनीच्या तुलनेतल्या वेगाचा) वर्ग भागिले ११.३, नुसतं म्हणून दाखवू नकोस. १०० नॉटला साधारण ८८५ फूट येतात. वाऱ्यानं वेग बदलला की उंची का बदलायची, हे फळ्यावर काढून शिकव. आणि शिकवताना परीक्षकाकडे बघ. सारखं इन्स्पेक्टरकडे वळून बघायचं नाही!