शके 1596 सोळाव्या शतकात का नाही?

प्रश्न असा: शके 1212 मधली ज्ञानेश्वरी आपण तेराव्या शतकातली म्हणतो. मग शके 1596 मधला शिवराज्याभिषेक सोळाव्या शतकातला का नाही?

मराठीत नुसतं ‘शतक’ म्हटलं की ते इसवी सनाचं असतं, म्हणून. (‘शक’ आणि ‘शतक’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, शतक ‘शत’वरून आलंय.) आधी शकाचा इसवी सन करायचा, मग शतक मोजायचं. 1212 + 78 = 1290, म्हणजे तेरावं. 1596 + 78 = 1674, म्हणजे सतरावं. इसवी सनात शून्य वर्ष नाही. त्यामुळे पहिलं शतक 1 ते 100 आणि सतरावं 1601 ते 1700. सन 1700 अठराव्यात ढकलणारे पुष्कळ भेटतात.

तोंडी हिशेबाला एक सोपी युक्ती आहे. शकाचे शेवटचे दोन आकडे 00 ते 22 असतील तर त्यांच्या आधीच्या आकड्यात 1 मिळवा, 23 ते 99 असतील तर 2. म्हणून 1212 ला 12 + 1, पण 1596 ला 15 + 2.

खरी चूक होते ती 78 मिळवायचे की 79 यात. गुढीपाडव्यापासून 31 डिसेंबरपर्यंत 78, आणि 1 जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत 79. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. इथे 78 धरले तर 1629 येतं. बरोबर उत्तर 19 फेब्रुवारी 1630. माघ-फाल्गुनाला साधारणपणे 79 धरावेत. मार्गशीर्ष आणि पौष मात्र घातकी, कारण 1 जानेवारी या दोहोंपैकी कुठेही पडते. तिथे जंत्री (तिथी-तारखांचं कोष्टक) उघडावीच लागते. शके 1222 सारख्या काठावरच्या वर्षात तर एवढ्यानं शतकच बदलतं: पाडव्याला 1300, फाल्गुनात 1301. वरची युक्तीही तिथे चुकते.

मराठेशाहीच्या कागदांत तिसरंच प्रकरण असतं, शुहूर सन. तो अरबी शब्दांत आणि एककापासून लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1 + 60 + 100 + 1000 = 1161. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपताची लढाई 14 जानेवारी 1761 ची, पौष शुद्ध अष्टमी, शके 1682. दोन्ही वाटांनी ताळा जमतो: 1161 + 600 आणि 1682 + 79.

शुहूर सनाची गंमत अशी की शतक त्यात ऐकूनच कळतं. शेवटी ‘मया व अलफ’ आलं की 1100 ते 1199, म्हणजे 1699 च्या मृगापासून 1800 च्या मृगापर्यंतचा काळ. जवळजवळ अख्खं अठरावं शतक! त्याला आपण सैलपणे ‘पेशवाई’ म्हणतो खरं, पण बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं 1713 मध्ये आणि पेशवाई बुडाली 1818 मध्ये. शतकाच्या चौकटीत ती दोन्ही टोकांना बसत नाही.

‘अठराशेच्या शतकात’ हा प्रयोग मात्र टाळावाच. कुणी 1857 समजतं, कुणी 1761. ‘अठराव्या शतकात’ लिहा, नाहीतर सरळ साल द्या.