रांजण घरातच होते

अगं पोरी,

तुझा रात्री दोनचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. ओमाच्या, म्हणजे तुझ्या जर्मन आजीच्या माळ्यावर तिच्या वडिलांचा फोटो सापडला, कॉलरवर हिटलरच्या एसएस दलाच्या त्या दोन विजा, आणि ओमा म्हणते ते तर नुसते स्वयंपाकी होते. असतीलही. पण जर्मनीत ३० वर्षं काढली मी, जेवढे पणजोबा ऐकले ते सगळे स्वयंपाकी, ड्रायव्हर नाहीतर कारकून, मग बाकीचं कोणी केलं कोण जाणे. हाराल्ड वेल्झर या अभ्यासकाने आणि त्याच्या टीमने इथल्या घराघरांत बसून अशा गप्पा टेप केल्या होत्या, २००२ साली ते छापून आलं. आजोबा स्वतः जे सांगून गेले त्यापेक्षा नातवंडांच्या तोंडी ते कितीतरी चांगले झालेले, काही तर चक्क ज्यूंना वाचवणारे हीरो. मुद्दाम खोटं कोणी बोलत नव्हतं गं, माया होती ती.

आणि तू लिहिलंयस "माझ्या रक्तातच घाण आहे". हे आधी डोक्यातून काढ. सगळं रक्तातच असतं हा नाझींचाच सिद्धांत ना, मग तू कशाला तो पुढे चालवतेस? हिटलरचा उजवा हात हेर्मान गोअरिंग, त्याची चुलतनात बेटिना, तिने आणि तिच्या भावाने वंशच नको म्हणून नसबंदी करून घेतली. त्यांचं दुःख मला कळतं पण पटत नाही. दुसऱ्या टोकाला एसएसचा प्रमुख हिमलर, त्याची मुलगी गुडरून, २०१८ मध्ये मरेपर्यंत बापाचीच बाजू घेत राहिली. मला त्यातल्या त्यात निक्लास फ्रांक पटतो. पोलंडवर राज्य करणाऱ्या हान्स फ्रांकचा हा मुलगा, बापाला १९४६ मध्ये न्युरेंबर्गला फाशी झाली तेव्हा ७ वर्षांचा, आणि बापाच्या प्रेताचा फोटो जवळ बाळगतो. भयंकर वाटतं, पण बघायचं टाळत तरी नाही.

वाल्या कोळ्याची गोष्ट बाबाने सांगितली असेलच. बायकापोरं म्हणाली, तुझ्या पापाचे आम्ही वाटेकरी नाही. बरोबरच बोलली. पण खड्यांनी भरलेले रांजण घरातच होते ना?

तर तू आता खडे मोजायला बस. बर्लिनच्या बुंडेसआर्किव्हला, म्हणजे सरकारी दप्तरखान्याला अर्ज कर. नाझी पार्टीच्या मेंबरांची लाखो कार्डं तिथे आहेत, १९४५ मध्ये लगदा करायला म्युनिकजवळच्या कागद गिरणीत पाठवलेली, मालकाने केलाच नाही म्हणून वाचली. कार्डावर १ मे १९३७ तारीख दिसली तर लगेच अर्थ काढू नकोस, पार्टीची भरती परत उघडल्यावर ढिगाने लोकांना तीच तारीख लावली होती. आणि नुसत्या कार्डावरून माणसाने काय केलं ते कळत नाही, त्यासाठी तो कुठल्या युनिटमध्ये, कधी, कुठे होता ते शोधावं लागतं. एसएसवाल्यांना लग्नालाही परवानगी लागायची, दोन्हीकडची वंशावळ १८०० पर्यंत दाखवून. ती लग्नाची फाइल मिळाली तर त्यात पणजीच्या अक्षरातलं काही निघू शकतं, तेव्हा नुसता पणजोबांचा विचार करून जाऊ नकोस.

काही मिळेपर्यंत तुझ्या वर्गातल्या त्या ज्यू मैत्रिणीकडे जाऊन रडू नकोस. तुला माफ करण्याचं काम तिच्या गळ्यात का?

अर्जात पणजोबांची जन्मतारीख आणि जन्मगाव लागेल. ते ओमालाच विचार, आणि कशाला हवंय ते खरं सांग.

तुझा काका