नागपुरात कॉलेजच्या मित्रांना येशूबद्दल कसं सांगायचं?

भाऊ, गेटवर पत्रकं वाटत नको बसू, आधी दोस्ती कर. सोबत तर्री पोहे खा, बॅकलॉगचं टेन्शन, घरचं टेन्शन सगळं नीट ऐकून घे, आणि कोणी स्वतःहून विचारलं की मग मोकळेपणानं सांग येशूनं तुझ्यासाठी काय केलं ते. मी लूकचं शुभवर्तमान वाचायला देतो, त्यातला 15 वा अध्याय, उधळ्या पुत्राची गोष्ट, बाप लांबूनच पोराला बघून धावत जातो नि गळ्यात पडतो, तिथं पोरं थांबतातच खरंच. कवी नारायण वामन टिळकांनापण नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी प्रवाशानं नवा करार दिला होता, मग वाचून विचार करून त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. वाचायला वेळ दे, मागे लागू नको.

इथं बरेच मित्र बौद्ध असतील, दीक्षाभूमी त्यांच्यासाठी काय आहे ते मनापासून ऐक, बाबासाहेबांबद्दल वाकडं बोलायचंच नाही.

संविधानाच्या कलम 25 नं धर्माचा प्रसार करायचा हक्क दिलाय, पण पैसे, ॲडमिशन, नोकरी असलं आमिष अजिबात नको, ते पापच आहे. आणि कॅम्पसमध्ये बायबल स्टडी घ्यायची असेल तर आधी प्रिन्सिपल सरांची परवानगी काढ.