मोबाइल हातात आहे, आता आणखी काय घ्यावं?

घरच्या घरी व्हिडिओ करण्याबद्दल किनारपट्टीवरच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : सांदणं, घावणे, उकडीचे मोदक अशा पदार्थांचे व्हिडिओ करायचे आहेत. मोबाइल तीन वर्षांपूर्वीचा आहे. आठ हजार रुपये बाजूला ठेवलेत. कॅमेरा घेऊ का? (एक वाचिका, गुहागर)

नको. आठ हजारांत जो कॅमेरा मिळेल तो तुमच्या मोबाइलहून सरस असेलच असं नाही, आणि त्यालाही माइक नि दिवा लागणारच. चित्र थोडं मऊ असलं तर बघणारा चालवून घेतो, पण बोललेलं कळलं नाही की तो पुढे सरकतो. म्हणून पहिला खर्च कॉलर माइकचा. वायरचा साधा माइक हजाराच्या आतबाहेर मिळतो. सहा मीटर वायरवाला घ्या, म्हणजे ओट्यापाशी वावरता येतं. हनुवटीखाली वीतभर अंतरावर तो लावायचा. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) उतरतो. वीतभरावरून दोन मीटरवर गेलात तर वीस डेसिबलने. शेजारचा मिक्सर आणि डोक्यावरचा पंखा मात्र तेवढेच ऐकू येत राहतात. माइक सुट्या पदरावर लावू नका, पदर सरकला की खरखर येते. पदर पिनेने पक्का करून त्यावर लावा. मंगळसूत्र माइकवर आपटत नाही ना, हेही पाहा. रेकॉर्डिंगमध्ये तो टकटक आवाज मोठा येतो आणि नंतर काढता येत नाही.

दुसरा खर्च स्टँडचा. पदार्थ वरून दाखवायचा तर आडवा दांडा बसणारा ट्रायपॉड लागतो. दांडा ज्या दिशेला, त्याच दिशेला एक पाय ठेवा आणि मागच्या बाजूला पाण्याची भरलेली लिटरची बाटली टांगा. एवढं केलं नाही तर मोबाइल थेट पिठात पडायचा. डोकं प्लॅस्टिकचं असलेले स्वस्त स्टँड जड मोबाइलखाली हळूहळू मान टाकतात, तेव्हा दुकानातच मोबाइल लावून पाच मिनिटं थांबा. मोदकपात्राचं झाकण उघडताना मात्र वरून शूट नको, तिरप्या कोनातून करा. वाफ आणि फोडणीचं तेल लेन्सवर बसलं की दिव्याभोवती धुरकट वलय दिसतं. ‘मोबाइलचा कॅमेरा बिघडला’ असं वाटतं त्यातल्या बऱ्याच वेळा लेन्स तेलकट झालेली असते. प्रत्येक शॉटआधी सुती कापडाने पुसा.

उजेड दिवसा फुकट आहे. ओटा बहुधा खिडकीखालीच असतो आणि मोबाइल खिडकीकडे तोंड करून ठेवला की माणूस काळा दिसतो. खिडकी तुमच्या एका बाजूला येईल असा मोबाइल ठेवा आणि दुसऱ्या बाजूला दोन बाय तीन फुटांचा पांढरा थर्माकोल उभा करा. तेव्हा ट्यूब बंद ठेवा, दोन रंगांचे उजेड मिसळले की खोबऱ्याचा पांढरा रंग धड राहत नाही. संध्याकाळसाठी एकाच कंपनीचे, एकाच रंगछटेचे दोन एलईडी बल्ब पुरतात. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त असेल तर उत्तम. तो कमी असला की आमसुलाचा आणि मिरचीचा लाल रंग मातकट येतो. बल्बपुढे फूटभर अंतरावर बटरपेपर लावला की सावल्या मऊ होतात. रिंग लाइट घेऊ नका. स्टीलच्या टोपात नि चष्म्यात गोल कडं दिसतं.

रेकॉर्डिंग मागच्या कॅमेऱ्याने आणि १०८० पिक्सेलवर करा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर वाफ आली की चित्र आतबाहेर करत राहतं. एअरप्लेन मोड लावा. बहुतेक मोबाइलवर मिनिटाला १३० ते १५० एमबी धरून चाला, म्हणजे तासाला आठेक जीबी. एवढं सगळं करूनही पैसे उरतील. ते उरू द्या.

प्रश्न : माइक जोडला तरी आवाज मोबाइलच्याच माइकचा येतो. माइक खराब आहे का? (एक वाचक, मालवण)

आधी खात्री करा. रेकॉर्डिंग सुरू ठेवून माइकवर नखाने टकटक करा, मग मोबाइलच्या खालच्या कडेवर करा आणि ऐका. जे मोठं ऐकू येईल तोच माइक चालू आहे.

मग पिन बघा. मोबाइलच्या पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. दोन पट्ट्यांचा माइक मोबाइलला जोडायचा तर मधला जोड वेगळा मिळतो. तुमच्या मोबाइलला गोल भोक नसून टाइप-सी असेल तर बहुधा गडबड तिथेच आहे. अगदी स्वस्त टाइप-सी जोडात आवाजाचं डिजिटल रूपांतर करणारी चिप नसते आणि बरेच मोबाइल त्याशिवाय माइक ओळखत नाहीत. दुकानदाराला ‘डॅक असलेला’ जोड मागा. काही मोबाइलवर सेटिंग्जमध्ये ओटीजीही (बाहेरचं उपकरण जोडू देणारी सोय) चालू करावं लागतं. एवढ्यावरही जमलं नाही तर दोष कॅमेरा ॲपचा असू शकतो. अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ हे फुकट ॲप घ्या. त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये बाहेरचा माइक निवडता येतो.

माइकच्या वायरवर डबी असेल तर तिच्यातला बटणसेल काम झालं की काढून ठेवा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो सेल गळला की आतल्या पट्ट्या गंजतात.

प्रश्न : जून ते सप्टेंबर कौलांवर पावसाचा एवढा आवाज असतो की काहीच रेकॉर्ड होत नाही. कुठला माइक घ्यावा? (एक वाचक, लांजा)

कुठलाच नाही. पावसाचा आवाज बोलण्याच्या सगळ्या पट्टीत पसरलेला असतो, त्यामुळे तो गाळताना बोलणंही गाळलं जातं. आवाज साफ करून देणाऱ्या ॲपमधून मग पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू येतं.

पावसाळ्यात चित्र आणि आवाज वेगवेगळे करा. चित्र कधीही घ्या आणि निवेदन सर उघडली की नंतर त्यावर बोला. बोलायला पडवी किंवा ओटी नको. वर लाकडी माळा असलेलं माजघर घ्या. माळ्याच्या फळ्या आणि वर रचलेलं सामान बराच आवाज अडवतात. कपड्यांचं कपाट उघडून त्याकडे तोंड करून बोलणं हा उत्तम आणि बिनखर्ची उपाय आहे. गिलावा, लादी आणि स्लॅब असलेल्या नव्या खोलीत आवाज घुमतो. तिथे तोंडासमोर आणि पाठीमागे दोन गोधड्या टांगा. प्रत्येक वेळी शेवटी काही न बोलता दहा सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवा. खोलीची ती शांतता जोडकामात (एडिटिंगमध्ये) दोन वाक्यांच्या मधे भरता येते.

प्रश्न : ट्यूबखाली व्हिडिओ घेतला की चित्रात आडव्या पट्ट्या सरकतात. (एक वाचिका, अलिबाग)

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येतात) शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला घेतली जाणारी चित्रं, २५ मिळत असेल तर तो घ्या. तरीही पट्ट्या राहिल्या तर दिवा बदला.

प्रश्न : वापरलेला कॅमेरा मिळतोय. समुद्रालगत राहतो, बुरशीची भीती वाटते. (एक वाचक, वेंगुर्ले)

भीती योग्य आहे. लेन्स काढून मागच्या बाजूने टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर सौदा सोडा. वरच्या काचेवरची बुरशी पुसली जाते, आतली काढायला लेन्स खोलावी लागते. तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग कायमचा.

घेतलात तर ठेवायला चामड्याची बॅग नको, ती ओल धरून ठेवते. रबरी पट्टीचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहावा. ६० च्या वर दीर्घकाळ राहिला तर बुरशी धरते. जेलचे दाणे ओल पिऊन रंग बदलतात. ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवून पुन्हा वापरता येतात. नारिंगी दाणे घ्या. निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं, ते स्वयंपाकघरात तापवायला नको. डब्यात तांदूळ घालायची सूचना बरेच जण करतात. त्याने ओल फारशी जात नाही आणि भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये शिरते.

किनाऱ्यावर शूट केलंत तर घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा आणि उघडेच वाळू द्या. क्लिपांत अडकलेली वाळू नि मीठ पाय जाम करतात. वाऱ्यासाठी माइकवर स्पंजची टोपी पुरत नाही, केसाळ टोपी लागते.

प्रश्न : वाडीतल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करतो. गजर सुरू झाला की आवाज फाटतो. (एक वाचक, देवगड)

मोबाइल आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो. पखवाजाची थाप पडली की सगळं दबतं, थाप थांबली की पंख्याची घरघर वर येते. दोन माइक अंगचेच असलेला हातातला रेकॉर्डर घ्या. बुवांच्या समोर दोन-तीन मीटरवर, सहा-सात फूट उंचीच्या स्टँडवर लावा आणि ऑटो लेव्हल बंद करा. पातळी भजन सुरू व्हायच्या आधी नव्हे, भर गजरात बघून ठरवायची. काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, म्हणजे पुढे जोर वाढला तरी जागा उरते. टाळ-झांज सगळ्यांवर मात करतात, तेव्हा टाळकऱ्यांना मागच्या रांगेत बसवा. बुवांचा मान राखून हे सांगणं तुमच्याकडे लागलं.

चित्र मोबाइलवर घ्या आणि सुरुवातीला दोन्ही यंत्रांसमोर एक टाळी वाजवा. जोडकामात त्या टाळीवर चित्र नि आवाज जुळवायचे. मोबाइलचा फ्रेम रेट स्थिर नसतो, त्यामुळे तासाभराच्या सलग रेकॉर्डिंगमध्ये ओठ आणि सूर हळूहळू वेगळे पडतात. प्रत्येक अभंगानंतर मोबाइल थांबवून पुन्हा सुरू करा आणि पुन्हा टाळी द्या.