पगार कमी होता, म्हणून अनुभव बाद होतो का?

प्रश्न: मी २८ वर्षांची, अविवाहित. एका छोट्या फर्ममध्ये तीन वर्षं हिशेबनीस आहे. पहिले सहा महिने ‘शिकाऊ’ म्हणून बिनपगारी काम केलं, पुढचं दीड वर्ष पगार रोख मिळाला, गेलं वर्षभर बँकेत जमा होतो. रक्कम सांगायलाही लाज वाटते इतकी कमी. इंग्रजीत चारही विभागांत सीएलबी (कॅनडाची भाषा-पातळी) ९ आहे. कॅनडात कायम राहण्यासाठी एक्स्प्रेस एंट्रीतून, फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या योजनेत अर्ज करायचाय. मालक म्हणतात, अनुभवपत्रात पगार दुप्पट लिहून देतो. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. मालक चांगल्या मनानेच म्हणत असतील, पण पत्रात एक आकडा आणि बँकेच्या उताऱ्यात दुसरा दिसला, की प्रश्न पगाराचा राहत नाही, खोट्या माहितीचा होतो. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० लागलं तर पाच वर्षं दार बंद. आणि ज्यासाठी हा धोका पत्करायचा, त्याची मुळात गरजच नाही.

या योजनेत परदेशातल्या अनुभवाला किमान पगाराची अट नाही. ज्याचं वेतन किंवा कमिशन मिळतं ते काम, एवढंच नियम म्हणतो. किती मिळालं, याला गुण नाहीत. तेव्हा ती लाज सोडून द्या.

कमी पगार आड येतो तो दुसरीकडे. तुम्ही हिशेबनीस, म्हणजे कॅनडाच्या व्यवसाय-यादीत (एनओसी) १२२००, कौशल्यस्तर (टीअर) २, हे चालतं. पण बिलं करणारा, नोंदी चढवणारा लेखा कारकून १४२०० मध्ये, टीअर ४ ला जातो आणि तो अनुभव इथे धरतच नाहीत. पद हिशेबनिसाचं आणि पगार कारकुनाचा दिसला, तर अधिकाऱ्याला शंका येऊ शकते की काम नेमकं कोणतं होतं. त्याचं उत्तर पगाराच्या आकड्यात नाही, कामाच्या वर्णनात आहे. पत्रात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि भत्ते तर हवेतच. पण तुम्ही सगळ्या वह्या सांभाळता, खातेवही जुळवता, बँकेशी ताळा घेता, ट्रायल बॅलन्स काढता, कराचे फॉर्म भरता, हे तुमच्या शब्दांत यायला हवं. एनओसीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका. अशी पत्रं मी पाहिली आहेत, वाचता क्षणी ओळखू येतात. आणि जे केलं नाही ते त्यात घालू नका.

रोख पगाराने घाबरून जाऊ नका. ‘अमुक तारखेपर्यंत वेतन रोखीने दिलं’ असं पत्रात सरळ लिहून घ्या. महिन्याच्या शेवटी ज्या व्हाउचरवर तुम्ही ‘मिळाले’ म्हणून सही करत होता, त्यांच्या प्रती काढा. हजेरीपुस्तक आणि कराची विवरणपत्रं जोडा.

खरा फटका बसतो तो बिनपगारी सहा महिन्यांचा. ते मोजले जात नाहीत, म्हणजे आज तुमचा अनुभव अडीच वर्षांचा. पात्रतेला किमान ६७ गुण लागतात, त्या तक्त्यात त्याने फरक पडत नाही, दोन ते तीन वर्षांना ११ गुणच आहेत. पण पात्र उमेदवारांचा क्रम लावणाऱ्या गुणपद्धतीत, म्हणजे सीआरएसमध्ये, सीएलबी ९ च्या जोडीला एक-दोन वर्षांच्या परदेशी अनुभवाला २५ गुण, आणि तीन पूर्ण झाली की ५०. म्हणून नोकरी आणखी सहा महिने टिकवा. रोज बारा तास बसून ही मुदत लवकर भरत नाही. आठवड्याच्या ३० तासांवरचं काम मोजत नाहीत. वयाचे गुण एकटीने अर्ज करणारीला तिसाव्या वाढदिवसापर्यंत पूर्ण मिळतात, तेव्हा थांबण्याने तुमचं काही जात नाही. प्रोफाइल आजही भरता येईल, मात्र अडीच वर्षं दाखवून.

तिथे स्थिरावण्यासाठी जी ठेव दाखवावी लागते, तिच्याकडेही लक्ष द्या. इतक्या पगारात खात्यावर अचानक मोठी रक्कम दिसली तर विचारणा होणारच. आईवडिलांनी दिली असेल तर ती भेट आहे, परत करायची नाही, असं त्यांच्या सहीचं पत्र ठेवा.

ते सहा महिने अर्जातून गाळू मात्र नका. अनुभव म्हणून दावा करायचा नाही, पण मागच्या दहा वर्षांच्या तपशिलात ‘बिनपगारी प्रशिक्षण’ म्हणून तारखांसह लिहायचे, आणि मालकांच्या पत्रातही त्याच तारखा यायला हव्यात.