माळावर सूचीपर्णी झाडे लावली तर मातीतला कर्ब वाढेल का?

प्रश्न : पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचा चार एकर मुरमाड गवताळ माळ आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला दोन एकर मध्यम काळी जमीन. चीड-देवदाराच्या लावलेल्या जंगलात मातीत भरपूर कर्ब (कार्बन) साठतो, असे वाचले. माळ नांगरून सुरूची किंवा तसलीच झाडे लावावीत का? काळ्या रानाचा सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के आला आहे.

उत्तर : राम राम. चीड, देवदार ही हिमालयाच्या थंड हवेतली झाडे. मराठवाड्याच्या उन्हात आणि आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत त्यांच्या नादी लागू नका. सुरूची पाने सुईसारखी दिसतात, पण तो सूचीपर्णी वर्गातला नाही. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले सूक्ष्मजीव हवेतला नत्र बांधतात.

तुम्ही वाचलेली गोष्ट अर्धी खरी आहे. चिडाच्या पानांत राळ आणि लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा, सावकाश कुजणारा घटक) जास्त, नत्र कमी. त्यात थंडी आणि आम्लधर्मी माती, त्यामुळे पाला लवकर कुजत नाही आणि त्याचा जाड थर साचतो. मात्र हा थर मातीच्या वर असतो. उन्हाळ्यात एक वणवा लागला की त्यातला बराचसा कर्ब हवेत जातो. टिकाऊ साठा वेगळा. बारीक मुळे मरतात, सूक्ष्मजीव ती कुजवतात आणि उरलेला अंश चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. आपल्या काळ्या मातीत चिकणमाती आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर असल्याने ती कर्ब चांगला धरू शकते. मुरमाड जमिनीला ती ताकद कमी.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे झाडे लावण्याआधी त्या जमिनीवर काय होते. जगभरातल्या अभ्यासांचा 2002 साली एकत्र आढावा घेतला गेला. पिकाखालच्या जमिनीवर झाडे लावली तिथे मातीतला कर्ब सरासरी 18 टक्के वाढला. गवताळ कुरणावर लावली तिथे तो 10 टक्के घटला, आणि घट मुख्यतः चीडवर्गीय लागवडीत दिसली. याचे कारण तुमच्या माळावरच आहे. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांच्या मुळ्या वर्षानुवर्षे मातीत कर्ब भरत आल्या आहेत. नांगर घातला, जेसीबीने चर खणले, की ती माती उघडी पडते, तापते आणि साठलेला कर्ब वायू होऊन निघून जातो. रोपे लहान असताना पाला आणि मुळ्या इतक्या थोड्या असतात की ही तूट पहिली काही वर्षे भरून निघत नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, माळ नांगरू नका. चराई आवरा, गवत बी धरल्यावर कापा. झाडे हवीच असतील तर नुसते खड्डे घेऊन विरळ लावा : हिवर, कडुनिंब, शिरस, आणि बालाघाटाला मानवणारे सीताफळ.

कर्ब वाढवायला खरा वाव काळ्या रानात आहे. तिथे बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. त्याचा कोवळा पाला वर्षातून दोन-तीनदा छाटून सरीत पसरा. तो पटकन कुजतो आणि पिकाला नत्र देतो. पिकाचा पालापाचोळा, तुराट्या, बांधावरचे गवत पेटवू नका. आपल्या उन्हात कर्ब तसाही भराभर जळतो, त्यात काडी लावायची गरज नाही. नांगरट दरवर्षी न करता एखादे वर्ष सोडून करा.

वाढ किती धरायची? एक एकरात 30 सेंटिमीटर खोलीपर्यंत माती साधारण दीड हजार टन भरते. सेंद्रिय कर्ब 0.38 वरून 0.48 टक्के करायचा म्हणजे एकरी सुमारे दीड टन कर्ब मातीत टिकवायचा. घातलेल्या पाल्यातला बहुतेक कर्ब कुजताना उडून जातो, त्यामुळे याला बरीच वर्षे लागतात. दोन हंगामांत दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या औषधवाल्याला पैसे देऊ नका.

आता तपासणीचे. नमुना दरवेळी उन्हाळ्यात, पेरणीआधी घ्या. वरचा पाला बाजूला सारून 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटरचे नमुने वेगळे काढा. बांध, उकिरडा आणि झाडाचा बुंधा टाळा. माळाचा नमुना काळ्या रानात मिसळू नका. आणि अहवालात ‘मुक्त चुना’ (मातीतल्या चुनखडीचा अंश) असा वेगळा आकडा असतो, तो सेंद्रिय कर्बात धरायचा नाही.